एका घरात एक अक्षर

मराठी शब्दांचा खेळ करायला बसलं की पहिल्याच पायरीवर एक प्रश्न उभा राहतो: एका घरात काय ठेवायचं? इंग्रजीत हा प्रश्न पडत नाही. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये दडलेला शब्द ओळखायचा 'वर्डल' हा खेळ लोकांसमोर आणला तेव्हा पाच घरं, पाच अक्षरं आणि सहा संधी एवढ्या भांडवलावर तो चालला, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. तेव्हा मी अकरावीत होते. सकाळी ग्रुप उघडला की हिरव्या-पिवळ्या चौकोनांच्या रांगा दिसायच्या: अक्षर बरोबर जागी असेल तर घर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं. मीही रोज खेळायचे आणि रोज वाटायचं, हाच डाव 'पाऊस', 'बोंबील', 'खिडकी' अशा शब्दांवर रंगला तर आमच्या घरातली सगळीच माणसं खेळतील. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्रोग्रामिंग बऱ्यापैकी हाताशी आल्यावर, तो खेळ मी केला. कसा केला, आणि करता करता संगणक, खेळ आणि आपली लिपी यांबद्दल माझी कोणती मतं पक्की झाली, ते इथे लिहिते आहे.

आधी यंत्राबद्दल, कारण त्यावर मला बोलायचंच आहे. शिकणाऱ्या मुलांनी डेस्कटॉप घ्यावा, आणि जमलं तर जुना घ्यावा. विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, आतून एकदम धडधाकट अशी यंत्रं ऑफिसांतून बाहेर निघतायत आणि मुंबईत ती शेवटी लॅमिंग्टन रोडला येतात. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोडला उतरून ते नाव विचारलं तर निम्मे लोक विचारात पडतात. माझं यंत्र तिथलंच, एका ऑफिसातून आलेलं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, रॅम दुप्पट, पंख्यावरची धूळ साफ, प्रोसेसरवर नवी पेस्ट. दुकानदाराने सगळं माझ्यासमोर उघडलं आणि म्हणाला, "ताई, स्क्रू तुम्हीच फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी यावं लागणार नाही." हे वाक्य मला फार आवडलं. आपलं गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून त्याला शिकवणारी माणसं त्या रस्त्यावर अजून आहेत.

त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. मराठी कळफलक निवडायला सेटिंगमध्ये जेमतेम मिनिट लागतं. मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर टाइप करते आणि ज्यांना मराठीत रोज लिहायचं आहे त्या सगळ्यांना तोच शिका असं सांगते. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ख, ग जिथे आहे तिथेच घ. आपली वर्णमाला मुळात उच्चारांच्या जागांवर रचलेली आहे आणि हा कळफलक तीच रचना बोटांखाली आणतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या सोयी पटकन जमतात हे खरं. पण त्यांत प्रत्येक शब्द आधी मनात इंग्रजी स्पेलिंगमधून जातो. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'ष' यांतला फरक बोटांना लक्षात राहत नाही, आणि मग तो वाचतानाही विरत जातो.

खेळांबद्दलही थोडं. आमच्या बिल्डिंगमधली मुलं पबजीवर वाढली. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही होतं. पुढच्या काही महिन्यांत गॅलरीत उभी राहून मुलं एकमेकांना आपले जुने स्क्रीनशॉट दाखवत होती, कारण तेवढेच उरले होते. बंदी योग्य की अयोग्य हा विषय वेगळा. मला त्या वेळी जे लागलं ते हे, की वर्षानुवर्षं खेळलेली गोष्ट आपल्याकडे कधी नव्हतीच, ती लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवर होती. तेव्हापासून मला छोटे, स्वतःच्या डिस्कवर ठेवता येणारे, संपणारे खेळ आवडतात. एरिक बॅरोनने एकट्याने बनवलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६चा; तो आजही तितकाच ताजा वाटतो. २०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला, त्यातले राजस्थानी धाटणीचे वाडे आणि कमानी बघताना वाटलं की आपल्या डोळ्यांना ओळखीचं जग पडद्यावर आणणं इथल्या माणसांना जमतं. पण दृश्यं ओळखीची झाली तरी शब्दांचं काय? मराठी मुलगा किंवा मुलगी मराठीत विचार करत खेळेल असे खेळ फारच थोडे. मला ती जागा भरायची होती, तिचा एक लहानसा कोपरा का होईना.

सुरुवात मी गोडो या खेळ बनवायच्या इंजिनमध्ये केली. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं हे इंजिन २०१४मध्ये खुलं झालं, फुकट आहे, आणि मार्च २०२३मध्ये आलेल्या गोडो ४मध्ये मजकूर मांडण्याची व्यवस्था नव्याने लिहिलेली आहे. हे महत्त्वाचं, कारण देवनागरी पडद्यावर उमटवणं हे स्वतःच एक काम असतं. 'कि' लिहिताना आपण साठवतो क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, दिसताना मात्र वेलांटी आधी येते. 'र्क'मधला रफार साठवताना पहिला, दिसताना क च्या डोक्यावर. ही सगळी हलवाहलव करणाऱ्या घटकाला हार्फबझ म्हणतात. तो अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि गोडो ४मध्येही आहे. याआधी एका लोकप्रिय इंजिनमध्ये मी 'स्त्री' लिहून बघितलं होतं. पाय मोडलेला स, पाय मोडलेला त आणि सुटा री असे तीन तुकडे शेजारी शेजारी उभे राहिले. गोडोमध्ये पहिल्याच दमात नीट 'स्त्री' दिसली तेव्हा मी ती खिडकी बराच वेळ उघडी ठेवली होती.

नंतर मी गोडोही बाजूला ठेवलं. शब्दांच्या खेळाला इंजिन लागत नाही. एक साधं वेबपान पुरतं, ते जुन्या फोनवर लगेच उघडतं आणि कुणालाही उतरवून ठेवता येतं. आजीच्या फोनमध्ये जागा कायम भरलेली असते, म्हणून हा निर्णय तसा तिच्यासाठीच होता.

आता तो घरांचा प्रश्न. प्रोग्रामला विचारलं, 'क्षत्रिय' या शब्दाची लांबी किती, तर तो सांगतो आठ. क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य अशी आठ युनिकोड चिन्हं त्यात असतात. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला संगणकात ठरावीक जागा देणारं मानक. 'इस्त्री'ची लांबी तो सांगतो सात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य पट्ट्याला १२८ जागा आहेत आणि प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार स्वतंत्र जागी बसलेला आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने हे उत्तर अगदी रास्त. यावर तोडगा म्हणून युनिकोडनेच 'ग्राफिम क्लस्टर' नावाची कल्पना ठेवली आहे. वाचणाऱ्याला एक वाटतं ते एक. पण त्या नियमांत बरीच वर्षं मात्रा व्यंजनाला चिकटायची आणि जोडाक्षर मात्र तुटायचं. 'क्षत्रिय'चे त्या हिशेबाने पाच तुकडे पडतात: क्, ष, त्, रि, य. देवनागरी, बंगाली, गुजराती अशा लिप्यांतली जोडाक्षरं तोडू नयेत हा नियम सर्वसाधारण नियमांत आला तो सप्टेंबर २०२३च्या युनिकोड १५.१मध्ये. म्हणजे एकाच शब्दाला आठ, पाच आणि तीन अशी तीन उत्तरं, आणि कुठलं मिळेल ते प्रोग्रामची भाषा कोणती, आवृत्ती किती नवी यावर अवलंबून.

या तिन्हींतलं बरोबर कुठलं, हे ठरवायला मला कुठलंही मानक उघडावं लागलं नाही. बाबा गिरगावात एका छापखान्यात डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि एका साप्ताहिकाचं पान, ज्यात कोपऱ्यात शब्दकोडं असायचं. मी विचारलं, "बाबा, 'इस्त्री'ला कोड्यात किती घरं लागतात?"

"दोन. इ आणि स्त्री."

"आणि 'स्वयंपाक'?"

"चार. स्व, यं, पा, क. अनुस्वाराला वेगळं घर कोण देतं?"

आजी आतून म्हणाली, "आणि आडव्या शब्दात 'पा' आला की उभ्या शब्दातही 'पा'च लागतो, 'प' चालत नाही. मी कित्येकदा तिथेच अडते."

म्हणजे नियम तयार होता. वर्तमानपत्रांतल्या कोडी रचणाऱ्यांनी तो कधीच ठरवला आहे आणि वाचकांनी पेन्सिल हातात घेऊन तो पाळला आहे. माझं काम तो प्रोग्रामला सांगण्यापुरतं होतं. एक स्वर, किंवा एक व्यंजन. त्या व्यंजनाला हलन्ताने जोडलेली आणखी व्यंजनं असतील तर तीही त्याच घरात. मग एखादी मात्रा. मग अनुस्वार किंवा विसर्ग. एवढं झालं की घर बंद. हे पाच-सहा ओळींत लिहून होतं. ब्राउझरमध्ये तयार मिळणारी तोडणी मी वापरली नाही, कारण दोन फोनांवर दोन वेगळी उत्तरं आली असती तर खेळावरचा विश्वासच उडाला असता.

शब्दाच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर आलं तर काय, हा एक फाटा उरला होता. तो शुद्धलेखनाच्या नियमांनी सोडवला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२मध्ये मान्य केले आणि १९७२मध्ये त्यांत भर पडली; त्यांनुसार 'अर्थात', 'कदाचित', 'क्वचित' हे शब्द मराठीत लिहिताना शेवटच्या अक्षराचा पाय मोडत नाहीत. या नियमांवर लोक खूप वाद घालतात. मला ते नियम प्रोग्राम लिहिताना पहिल्यांदा नीट समजले आणि त्यांच्याबद्दल आदर वाटला. 'कवी' आणि 'गुरू' दीर्घ लिहायचे, असं एकदा ठरलेलं असलं की खेळणाऱ्याला कुठलं रूप टाइप करायचं हे आधीच माहीत असतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या अक्षरांवर. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या; 'आचार्याला' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्याला' जेवणाची ऑर्डर सांगायची. हा आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा र मराठीचं खास लेणं आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्तेवाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारख्याच. प्रोग्रामच्या लेखी दोन वेगळे शब्द. तसंच 'अ‍ॅ'चं. त्याच्यासाठी एकसंध चिन्ह २००८मध्ये युनिकोड ५.१सोबत आलं, त्याआधीपासून अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडून लोक लिहीत आले आहेत आणि अजूनही लिहितात. एकाने एका पद्धतीने 'अ‍ॅप' लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर शोधताना एक सापडतो, दुसरा हरवतो. म्हणून खेळणाऱ्याने काहीही टाइप केलं तरी आधी सगळं एका रूपात आणायचं आणि मगच तपासायचं, असा एक टप्पा मी घातला. मराठीत काहीही बनवणाऱ्या प्रत्येकाने हा टप्पा सर्वांत आधी लिहावा. शासकीय संकेतस्थळ असो, बँकेचा अर्ज असो, नाव शोधणारी यादी असो, 'कुऱ्हाडे' आडनावाचा माणूस यंत्राला सापडलाच पाहिजे.

बाबांनी हे काम बघितलं आणि त्यांच्या जुन्या सीडी काढल्या. युनिकोडच्या आधीच्या फाँटांत केलेलं काम. त्या फाइल आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रास दिसते, कारण तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. फाँट गेला की मजकूरही गेला. त्या साप्ताहिकाची कोडी त्यांत आहेत. बाबांना जुन्या कळफलकाच्या जागा अजून पाठ आहेत, आणि अर्धं पान त्यांनी ती रास नुसती वाचून मला मराठीत सांगितलं. मी टिपून घेतलं. त्यातले बरेच शब्द खेळाच्या यादीत गेले.

यादी हा सगळ्यांत रसाळ भाग. आधी मी मराठी विकिपीडियाचा मजकूर उतरवून घेतला आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजलं. वर आले 'जिल्हा', 'तालुका', 'चित्रपट', 'विमानतळ'. ज्ञानकोशात हेच असणार. पण 'सांडशी', 'चाळणी', 'किसणी', 'झारा', 'उंबरा' हे शब्द खाली कुठेतरी, काही तर अजिबात नाहीत. घरातल्या बायका दिवसभर जे शब्द तोंडात घेऊन वावरतात ते लिखाणात फार कमी उतरलेत, आणि संगणक आपली भाषा लिखाणातूनच शिकतो. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. उद्या यंत्रांना मराठी शिकवली जाईल तेव्हा त्यांना तालुक्यांची नावं येतील आणि सांडशी येणार नाही. म्हणून मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसले आणि आईने नि आजीने आलटून पालटून शब्द सांगितले. आजीने मालवणीतलेही सांगितले. त्यांतले प्रमाण मराठीत कळतील ते घेतले, बाकीचे वेगळ्या यादीत जपून ठेवले.

जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळला. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती इथेच, मुंबईत छापली गेली आणि आता शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत शोधता येते. त्यातलं लेखन जुनं: 'कांहीं', 'नांव', उच्चार नसलेले अनुस्वार डोक्यावर घेतलेले. १९६२च्या नियमांनी ते गेले. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द यादीत घेण्याआधी आजच्या लेखनात आणावा लागला. मोल्सवर्थ चाळणं धोक्याचं आहे, एक शब्द बघायला जावं आणि संध्याकाळ होते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या, देशावरच्या माणसांचं बोलणं तिथे पानापानांत ऐकू येतं.

मग कुठले शब्द नकोत यावर मैत्रिणींशी भांडणं झाली. एकीचं म्हणणं, 'लोकल' आणि 'कटिंग' हे मराठी शब्द नाहीत. मी म्हटलं, "अगं, 'लोकल चुकली' हे वाक्य तू दिवसातून कितीदा म्हणतेस? त्यातला लोकल हा शब्द काढ बरं." दोन्ही शब्द यादीत आहेत. 'टेबल', 'फलाट', 'पगार', सगळे आहेत. आपल्या भाषेने पोर्तुगिजांकडून घेतलं, फारसीतून घेतलं, इंग्रजांकडून घेतलं आणि प्रत्येकाला आपली विभक्ती लावून घरात घेतलं. ज्या शब्दाला 'च्या'ने आणि 'ला'ने बोलावलं की तो ओ देतो, तो यादीत बसतो, ही माझी कसोटी. विभक्ती लागलेली रूपं मात्र घेतली नाहीत. 'घरात', 'घराला', 'घराचा' हे सगळे घेतले तर यादी अफाट फुगते आणि डाव शब्द ओळखण्याचा न राहता प्रत्यय ओळखण्याचा होतो. 'लाटणं' आणि 'लाटणे' अशी दोन रूपं चालणारे शब्द टाइप केले तर खेळ स्वीकारतो, उत्तर म्हणून कधी देत नाही.

रंगांचा नियम बदलावा लागला. इंग्रजीत २६ अक्षरं. एक चुकलं तर २५ उरतात. आपल्याकडे ३४ व्यंजनं आणि आता बाराखडीत अ‍ॅ-ऑ धरून १४ रूपं, म्हणजे एका घरात ४७६ वेगवेगळी अक्षरं येऊ शकतात, मात्रांवरचे अनुस्वार आणि जोडाक्षरं आणखी वेगळी. नुसतं हिरवं-पिवळं ठेवलं तर माणूस अंधारात चाचपडत राहतो. म्हणून एक तिसरी खूण आणली: व्यंजन बरोबर, मात्रा वेगळी. उत्तर 'भाकरी' असेल आणि तुम्ही 'भोपळा' लिहिलात तर पहिलं घर अर्धं भरतं. म्हणजे भ आहे, भो नाही. पुढे बाराखडी म्हणायची आणि अंदाज घ्यायचा. तीन घरांच्या शब्दाला आठ संधी ठेवल्या. जोडाक्षराला मात्र अखंड धरलं. 'स्त्री'मधला एकटा स जुळला म्हणून खूण द्यायची नाही. आजीला ती द्यावी असं वाटतं. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि मी माझ्या मतावर आहे, कारण जोडाक्षर फोडून दाखवलं की पुन्हा यंत्राच्या आठ तुकड्यांच्या हिशेबाकडे जायला होतं. खुणा रंगासोबत आकारानेही दिल्या आहेत, कोपऱ्यात ठिपका, अर्धवर्तुळ, पूर्ण वर्तुळ. ज्यांना हिरवा-लाल सारखाच दिसतो त्यांना खेळता यावं म्हणून.

पडद्यावरचा कळफलक शाळेतल्या तक्त्याप्रमाणे आहे. क वर्गाची ओळ, च वर्गाची, ट, त, प, आणि खाली य र ल व श ष स ह ळ. व्यंजन दाबलं की त्याची चौदाखडी वर उघडते: क, का, कि, की. जोडाक्षरासाठी 'जोड' अशी कळ. ज्यांनी आयुष्यात कधी मराठी टाइप केलं नाही त्यांनाही तो समजावून सांगावा लागत नाही, कारण हा क्रम सगळ्यांनी पहिलीत घोकलेला असतो.

अक्षरवळण निवडताना मी 'एक टाइप' या मुंबईतल्या गटाचा 'मुक्त' हा फाँट घेतला. तो खुल्या परवान्यावर आहे आणि लहान पडद्यावर सुबक वाचता येतो. देवनागरी फाँट बघताना मला र. कृ. जोशींचं नाव भेटलं. कवी, सुलेखनकार, आणि पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइनच्या विभागात, शिकवणारे. विंडोज २०००पासून घराघरांतल्या संगणकांवर जो 'मंगल' फाँट आला तो त्यांनी आरेखलेला. मी विक्रोळीला राहते. पवई हाकेच्या अंतरावर. शाळेतली माझी पहिली मराठी फाइल मंगलमध्येच होती आणि तो आकार इतक्या जवळ शिकवलेल्या माणसाच्या हातातून आला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात असे दोन तास हवेत. र. कृ. जोशी, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था, इनस्क्रिप्ट कसा ठरला, आपली लिपी यंत्रात कुणी आणली. आम्ही परदेशातल्या प्रत्येक कंपनीचा गॅरेजपासूनचा इतिहास पाठ म्हणतो.

'ल' आणि 'श'च्या आकारांचंही लक्षात ठेवावं लागतं. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीसाठी प्रमाण धरले आहेत. काही फाँटांत हे आकार आत असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलं तरच ते उमटतात; नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. एका छोट्या सूचनेचं काम. मराठी वर्तमानपत्रांची, संस्थांची कितीतरी पानं ती सूचना न देता चालतात.

खेळ आधी आमच्या मजल्यावर फिरवला. समोरच्या काकू, त्यांचा सातवीतला मुलगा, खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. मुलगा इंग्रजी शाळेत जातो. त्याला 'उंबरा' येत नव्हता. काकूंनी दारात जाऊन पाय ठेवून दाखवला. मास्तरांनी पहिल्याच दिवशी 'ऱ्हास' टाइप करून बघितला, पहिल्या घरात आडवा र नीट बसतो का ते तपासायला, आणि बसला तेव्हा मान हलवली. त्यांनी यादीतल्या काही शब्दांवर हरकती लिहून आणल्या, वेलांट्यांसकट. सगळ्या बरोबर होत्या. आजी तर दुपारी चहाच्या वेळेला खेळतेच, आणि मग मुलुंडच्या मावशीला फोन करून उत्तर न सांगता फक्त "आज सोपं आहे गं" एवढंच सांगते.

आता पान सगळ्यांसाठी खुलं आहे. जाहिरात नाही, नाव नोंदवायला लागत नाही, एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, लोकलमध्ये कुर्ला आणि शीवच्या मध्ये नेट गेलं तरी डाव मोडत नाही. शब्दांची यादी साधी मजकूर-फाइल आहे, कुणालाही घेता येते, वाढवता येते. वसईच्या एका मैत्रिणीने तिच्याकडच्या सामवेदी बोलीची यादी करायला घेतली आहे आणि मला त्याची फार उत्सुकता आहे. आजीची मागणी चार घरांची आहे, तीन घरांचे शब्द आता तिला पुरत नाहीत. त्यामुळे सध्या वहीत 'अडगळ', 'पोळपाट', 'कोथिंबीर', 'फुलपात्र' असे शब्द जमा होतायत. चार घरांना किती संधी द्यायच्या यावर मास्तरांचं म्हणणं नऊ, आजीचं म्हणणं आठच पुरे. या रविवारी दोघांना समोरासमोर बसवून ते ठरवायचं आहे.